‘फाइल करप्ट आहे’ म्हणण्याआधी ओळीचा शेवट पाहा

महोदय,

‘फाइल करप्ट आलीय, पुन्हा पाठवा’ हा निरोप मुंबईतल्या कार्यालयांना आणि कॉलेजांच्या लॅबना नवा नाही. फाइल पुन्हा येते आणि तशीच येते, कारण पुष्कळदा ती बिघडलेली नसतेच. अंधेरीत विंडोजवर केलेली यादी ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या लिनक्स सर्व्हरवर चढली की अडते ती ओळ संपल्याच्या खुणेपाशी.

गोदरेजचा जुना टाइपरायटर ज्यांनी चालवला आहे, त्यांना हे चटकन कळेल. ओळ संपली की डावीकडची दांडी ढकलायची. रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकतो आणि कॅरेज परत ओळीच्या आरंभाशी येते. दांडी एक, कामे दोन. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते : कॅरेज रिटर्न, म्हणजे आस्कीतला (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) 13 आणि लाइन फीड, म्हणजे 10. डॉस या जुन्या संगणकप्रणालीने व पुढे विंडोजने दोन्ही ठेवले. युनिक्सने फक्त 10 ठेवला, लिनक्स आणि आजचा मॅकही तेच करतात. विंडोजच्या नोटपॅडला एकटा 10 कळायला 2018 साल उजाडावे लागले. तोवर लिनक्सची फाइल त्यात उघडली की सगळा मजकूर सलग एका ओळीत दिसे.

उलट दिशेचा घोळ जास्त छुपा आहे. नाव, वॉर्ड, पिनकोड अशा तीन रकान्यांची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकुरी फाइल) विंडोजवरून आली आणि लिनक्सवरच्या साध्या स्क्रिप्टने, म्हणजे आज्ञांच्या छोट्या फाइलीने, तिच्या ओळी तोडल्या, तर 400014 च्या मागे न दिसणारा 13 चिकटून राहतो. पडद्यावर आकडा बरोबर, पण लांबी मोजली तर सहाऐवजी सात. त्यामुळे दुसऱ्या यादीशी एकही नोंद जुळत नाही. कधी कधी फक्त शेवटची जुळते, कारण तिच्यानंतर एंटर मारायचे राहिलेले असते. हे लक्षण दिसले की आणखी कुठे शोधत बसू नये. विद्यार्थ्याने नोटपॅडमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत थांबते, तेही याच 13 मुळे. संदेशात वरच्या टोकाचा बाण आणि ‘एम’ दिसतो. ‘एम’ हे इंग्रजीचे तेरावे अक्षर. स्क्रिप्टमधला तर्क बरोबर असताना यासाठी गुण कापणे अन्यायाचे आहे.

तपासणीला मिनिटही लागत नाही. लिनक्सवर ‘फाइल’ ही कमांड ‘सीआरएलएफ’ (कॅरेज रिटर्न व लाइन फीड दोन्ही; नुसते ‘एलएफ’ म्हणजे एकटा लाइन फीड) असे स्पष्ट सांगते. ‘कॅट’ला मोठ्या ‘ए’चा पर्याय दिला की प्रत्येक ओळीच्या टोकाला ती खूण दिसते. व्हीएस कोड या संपादकात खाली उजव्या कोपऱ्यात ‘सीआरएलएफ’ किंवा ‘एलएफ’ लिहिलेले असते, तिथेच क्लिक करून बदलता येते. ढीगभर फाइली असतील तर ‘डॉस-टू-युनिक्स’ हे साधन वापरावे, मात्र आधी प्रत काढून ठेवावी.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगायला हवी. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षराच्या पोटात 10 किंवा 13 हा बाइट कधीच येत नाही, म्हणून तिथे बदल निर्धास्तपणे करता येतो. प्रत्येक देवनागरी अक्षराला दोन बाइटांची जोडी देणाऱ्या यूटीएफ-16 मध्ये तसे नाही. तिथे ‘ऊ’ या अक्षराचा एक बाइट चक्क 10 असतो आणि ‘ऍ’चा 13. अशी फाइल एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीच्या टेक्स्ट मोडने (ओळीच्या खुणा आपोआप बदलणाऱ्या) लिनक्सवरून विंडोजवर आणली, तर ‘ऊस’ किंवा ‘ऊर्जा’ हा शब्द येताच मध्ये एक जादा बाइट घुसतो, पुढच्या जोड्या एका घराने सरकतात आणि मजकुराचा चिवडा होतो. झिप आणि फोटोही टेक्स्ट मोडमध्ये असेच मरतात. ही फाइल मात्र खरोखर करप्ट झालेली असते. एफटीपी वापरायचेच तर बाइट जसेच्या तसे पाठवणारा बायनरी मोड लावावा.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने विंडोजवर सीएसव्ही लिहिताना फाइल उघडण्याच्या आज्ञेत ‘न्यूलाइन’ला रिकामे मूल्य द्यावे. नाही तर 13, 13, 10 अशी तिहेरी खूण पडते आणि एक्सेलमध्ये ओळीआड रिकामी ओळ येते.

गिटवर (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) काम करणाऱ्यांनी ज्याच्या-त्याच्या मशीनवरच्या सेटिंगवर विसंबू नये. प्रकल्पातच ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल ठेवावी : सर्व मजकुरी फाइलींना ‘टेक्स्ट ऑटो’, शेल स्क्रिप्टना ‘एलएफ’, विंडोजच्या बॅच फाइलींना ‘सीआरएलएफ’. मग ‘रीनॉर्मलाइझ’ करून, म्हणजे जुन्या फाइलींनाही हे नियम लावून, तो बदल वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) टाकावा. कामाच्या बदलात तो मिसळला, तर फाइलीची प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि खरी दुरुस्ती त्यात हरवते.

सरसकट सगळे ‘एलएफ’ करा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ईमेलच्या प्रोटोकॉलला, म्हणजे देवाणघेवाणीच्या नियमांना, आजही दोन्ही संकेत लागतात. आमची मागणी एवढीच, की डेटा मागवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आपल्या पत्रात ‘यूटीएफ-8, ओळीचा शेवट एलएफ’ किंवा जे हवे ते एका ओळीत लिहावे आणि कॉलेजांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला विद्यार्थ्यांकडून एक फाइल दोन्ही बाजूंनी बदलून घेऊन तिचे बाइट मोजायला लावावेत. शेवटच्या ओळीनंतरही एंटर मारलेले असेल, तर शंभर ओळींच्या फाइलीत बरोबर शंभरांचा फरक येतो.

– संगणक प्रशिक्षक, दादर, मुंबई