आभाळाकडे लागलेला एक डोळा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी वाचलं, आणि तेव्हापासून तुझी तांबडी कोंबडी डोळ्यांपुढून हलत नाहीये. तू दहा पावलांवर असताना भर उन्हात तिच्यावर झडप पडली आणि तू धावत पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. या प्रसंगातून मीही गेलोय, म्हणून उगाच सांत्वन करत बसत नाही. पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, की आता एक तर छर्‍याची बंदूक आणतो नाही तर उरलेल्या कोंबड्या देऊन टाकतो, त्यावर मात्र सविस्तर लिहायलाच हवं.

आधी हे पाहू की आलं कोण होतं. तू घारीला शिव्या घातल्यास, पण माझं मन घारीवर जात नाही. घारीचं स्वतःचं वजन जेमतेम किलोभर. ती पिल्लं उचलते, अगदी आईच्या पंखाखालून उचलते, पण भरलेली कोंबडी तिला झेपत नाही. तू लिहिलंस की पिसांचं गोल कडं पडलं होतं, छातीचं मांस खाल्लेलं होतं आणि बाकीचा देह तिथंच होता. हे ससाण्यासारख्या एखाद्या मोठ्या शिकारी पक्ष्याचं काम. कोंबडी त्यालाही जड होते, म्हणून तो आहे तिथंच बसून पिसं उपटतो आणि खातो. ती पिसं अजून पडली असतील तर एक उचलून देठाकडून बघ. पक्ष्यानं उपटलेल्या पिसाचा देठ मुळापासून अख्खा निघतो. जनावरानं दातांनी ओरबाडलं असेल तर देठ तुटलेला, चावलेला दिसतो. कोल्हा असता तर बहुधा कोंबडीच गायब झाली असती.

आणि तो परत येणार हे धरूनच चाल. एकदा जिथं पोट भरलं ती जागा तो विसरत नाही. म्हणून निदान दोन आठवडे कोंबड्या मोकळ्या सोडू नकोस. त्या कलकलाट करतील, जाळीला धडका देतील, तुला वाईट वाटेल. तरी सोडू नकोस. बंदुकीचं म्हणशील तर शिकारी पक्ष्यांना बहुतेक देशांत कायद्याचं संरक्षण आहे, आणि एक मारलास तरी त्या मोकळ्या हद्दीत दुसरा येऊन बसेल. आपलं परस तसंच उघडं राहिलं तर काय उपयोग?

माझं सगळं म्हणणं इथंच आहे. तू मला परसाचा जो फोटो पाठवला होतास त्यात एक झुडूप नाही. झाडलोट केलेली, सपाट, सुंदर जागा. आपल्या डोळ्यांना छान वाटते, पण कोंबडीला तिथं लपायला टिचभर सावली नाही. ही मूळची झाडाझुडपांखालची पाखरं, रानकोंबड्याची लेकरं. उघड्यावर ती दाणे टिपतात ते जीव मुठीत धरून. दाणे टिपता टिपता कोंबडी मान तिरकी करून एक डोळा वर लावते, पाहिलंयस ना? तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आभाळ न्याहाळायचं तर तिला मान कलती करावीच लागते. कितीतरी वेळा मी तिच्या नजरेच्या रोखानं वर पाहिलंय आणि मला काही दिसायच्या आत तिनं ठिपका हेरलेला असतो.

कोंबडा असेल तर त्याचे दोन आवाज ओळखायला शीक. खाली कुत्रं-मांजर दिसलं की तो कक्-कक्-ककाक करत ओरडत सुटतो, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. पण वर काही फिरताना दिसलं की त्याच्या गळ्यातून एक बारीक, लांबट, ओढलेला सूर निघतो. तो कुठून येतोय हे पटकन कळत नाही, त्यामुळे शिकार्‍यालाही कोंबड्याचा ठाव लागत नाही. तो सूर निघाला की माझ्याकडच्या कोंबड्या दोन सेकंदांत झुडपात असतात. तुझ्या कोंबड्यांनाही कदाचित वेळेवर कळलं असेल. पण पळणार कुठं?

तेव्हा आडोसे कर, आणि ते पाच-सहा पावलांच्या अंतरानं हवेत. दाट, खालपर्यंत फांद्या असलेली झुडपं लाव. ती वाढेपर्यंत जुनं टेबल, विटांवर ठेवलेली फळी, उलटी टेकवलेली पेटी, काहीही चालेल. वर जाळी टाकता आली तर उत्तमच, पण ती ताणून बांध. सैल लोंबणार्‍या जाळीत पक्षी अडकून मरतात. सगळीकडे जाळी शक्य नसेल तर निदान दाणे टाकतोस तेवढ्या जागेवर तरी टाक. चकचकीत तबकड्या आणि प्लॅस्टिकचं घुबड यांवर विसंबू नकोस. चार दिवसांत पक्ष्याला कळतं की हे काही करत नाही. कावळ्यांना मात्र हुसकू नकोस. ससाणा दिसला की तेच कालवा करून त्याच्या मागं लागतात.

आता रात्रीचं, कारण मला खरी भीती तिचीच वाटते. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या चार कोंबड्या एका रात्रीत गेल्या, आणि चूक माझी होती. खुराड्याला मी ती षटकोनी भोकांची पातळ जाळी मारली होती. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला थोपवत नाही. सकाळी एका कोपर्‍यात ती जाळी फाटून बाहेर वाकलेली होती. एक कोंबडी आतच, जाळीला चिकटून पडलेली, तिची मान नव्हती. अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. ती दांडीवर बसते ती सकाळपर्यंत तशीच, आणि कोणी आलं तरी तिला पळता येत नाही. कोण होतं ते मी पाहिलं नाही. पण ती कोंबडी दांडीवरून उतरवून कोपर्‍यात कोणी ओढली असेल हा विचार आजही मनातून जात नाही.

त्यानंतर मी अर्ध्या इंचाच्या चौकटीची, वेल्ड केलेली जाळी आणली आणि ती नुसती खिळ्यांनी न मारता पट्ट्या दाबून स्क्रूनं बसवली. भिंतीच्या पायथ्याशी तीच जाळी दीड-दोन फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरायला लागतं आणि खाली जाळी लागली की कंटाळतं. मागं सरकून दोन फुटांवरून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. दाराला साधी खिटी ठेवू नकोस, कडी-कोयंडा आणि त्यात अडकवायला आकडा हवा. आणि दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत शिरल्या की लगेच दार लाव. "जरा वेळानं लावतो" म्हणून थांबलास की तोच तास धोक्याचा.

उरलेले दाणे रात्री उचलून ठेव. दाण्यांना उंदीर-घुशी येतात, त्यांच्या बिळांत साप येतो, आणि एके दिवशी अंडी नाहीशी होतात, टरफलसुद्धा मागं राहत नाही. पण उंदरांना विष घालू नकोस. विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला तर घुबडही मरू शकतं, आणि तुझे कितीतरी उंदीर तेच खात असतं.

आता तुझ्या काळ्या कोंबडीबद्दल. त्याच झटापटीत तिच्या पाठीला नखं लागली म्हणतोस. वरून जखम टीचभर दिसली तरी नख खोल जातं, आणि पिसांखाली पू धरतो. पिसं बाजूला सारून कोमट मिठाच्या पाण्यानं धू, जमल्यास जनावरांच्या डॉक्टरला दाखव. तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेव, कारण रक्ताचा लाल डाग दिसला की सोबतच्याच तिथं चोची मारतात. अंधारी, उबदार पेटी, पाणी आणि शांतता, पहिले दोन दिवस एवढंच. सारखं उघडून बघू नकोस. तिनं चोच पाण्यात बुडवून मान वर केली, की मला लगेच कळव. रात्र असली तरी कळव.

तुझाच,
मित्र