कललेला बुरूज आणि बाकी सगळं ठीक

कार्डिफ,
रविवार

ती. आई-अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हे आधीच लिहिते, म्हणजे आई पुढचं नीट वाचेल. अण्णांना आता चष्म्याशिवाय दिसतंय म्हणालात, तरी अक्षर मोठं काढतेय. परवा फोनवर चेहरा उतरलेला दिसला तो रात्रपाळीमुळे. खाते-पिते. ज्वारीचं पीठ मिळतं इथे, भाकऱ्या थापते. जाड कोटही घेतलाय, तेव्हा थंडीचा विषय संपला.

काल सुट्टी होती, म्हणून केअरफिलीचा किल्ला बघायला गेले. बसने. अण्णा, इथली एक रीत तुम्हाला सांगायचीच आहे. उतरताना जो तो चालकाला 'चीअर्स, ड्राइव्ह' म्हणतो. म्हणजे आभार. तिकिटाचे पैसे दिलेत, गाडी चालवणं हे त्याचं कामच आहे, तरी आभार. शाळेची पोरं म्हणतात, काठी टेकत उतरणाऱ्या आजी म्हणतात. गाडी वीस मिनिटं उशिरा आली म्हणून धुसफुसणारा माणूससुद्धा उतरताना म्हणतोच. न म्हणता उतरलं तर कुणी रागावत नाही, पण आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. पहिले दोन महिने मी गपचूप उतरायचे. आता म्हणते. तुम्ही एकतीस वर्षं नगर-पुणे गाडी चालवलीत, कुणी म्हणालं होतं का कधी? मीही नाही. उलट मैत्रिणी बरोबर असल्या की तारकपूरला तुमच्याच गाडीतून ओळख न दाखवता उतरायचे.

असो. किल्ला म्हटल्यावर डोंगर डोळ्यांपुढे आणू नका. आपल्या नगरच्या किल्ल्यासारखाच भुईकोट आहे, फक्त खंदकाच्या जागी ओढे अडवून अख्खे तलाव केलेत, म्हणजे शत्रूला तटाखाली सुरुंग खणता येऊ नये. गिल्बर्ट द क्लेअर नावाच्या सरदाराने १२६८ साली बांधायला घेतला. केस तांबडे, म्हणून त्याला तांबडा गिल्बर्ट म्हणायचे. वेल्सचा राजा लुवेलिन याने १२७० मध्ये चाल करून अर्धवट काम जाळलं, तर या पठ्ठ्याने पुढच्याच वर्षी पुन्हा सुरू केलं. सगळा पसारा तीस एकरांचा. ब्रिटनमध्ये विंडसरच्या खालोखाल मोठा म्हणतात. आणि गंमत बघा, १२८२ मध्ये लुवेलिनच मारला गेला. ज्याच्या धास्तीने एवढं पाणी अडवलं, तो वैरीच उरला नाही.

पण खरं बघण्यासारखा आहे तो आग्नेयेचा बुरूज. अर्धा ढासळलाय, उरलेला दहा अंश कललाय, पिसाच्या मनोऱ्यापेक्षाही जास्त. खाली उभं राहिलं की पाय आपोआप मागे सरतात. कुणी म्हणतं सतराव्या शतकातल्या यादवीत दारू ठासून उडवायला बघितला, कुणी म्हणतं तलाव आटल्यावर जमीन खचली. मला दुसरं पटतं. आपली विहीर आटली तेव्हा मागच्या भिंतीचं तेच झालं ना. पुढे ब्यूटच्या जहागीरदाराने १९२८ ते १९३९ अशी अकरा वर्षं सगळ्या किल्ल्याची डागडुजी केली. त्याचाच एक भलामोठा लाकडी पुतळा हात वर करून त्या बुरुजाला टेका देत उभा केलाय. फोटो पाठवलाय. शेजारी हात लावून उभी आहे ती मीच, हसू नका.

भिंतीवरून आठवलं, पैसे पाठवलेत. पतपेढीचे दोन हप्ते भरून उरतील ते भिंतीला घाला, टीव्हीला नाही. दादाचं लग्न वैशाखातच धरा, माझ्यासाठी अडू नका. रजेचा अर्ज दिलाय. मिळेल बहुतेक. नाहीच मिळाली तर हॉलचे पैसे मी देईन, दादाला आधीच सांगून ठेवा. संगमनेरच्या लोकांना एवढ्यात काही कळवू नका. मी नाही म्हटलेलं नाही, आणखी वर्षभर थांबा एवढंच म्हणतेय. आणि ऑपरेशनला मी नव्हते याबद्दल अण्णा काही बोलत नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरं वाटलं असतं. डोळ्यात थेंब वेळेवर घालायला लाव गं आई.

तुमची,
सुमी

ता. क. आई, ज्वारीच्या पिठाचा भाव विचारू नकोस.