तुम्ही उत्तर दिलं नाहीत, त्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

समुपदेशन संपल्यावर फोनवर आभार मानले होतेच. तरी हे उघडपणे लिहितेय, कारण माझ्यासारखे अडलेले बरेच जण आसपास दिसतात.

मी आले होते ती 'नोकरी सोडू की नको' एवढंच विचारायला. घरचे, मैत्रिणी, सगळ्यांना विचारून झालं होतं आणि शेवटी जो बोलेल त्याचं मला पटायचं. तुम्ही नोकरीचा विषयच काढला नाहीत. शब्दांचा एक कागद पुढे केलात: धाडसी, अबोल, शिस्तीची, हळवी... प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं. 'अबोल'पाशीच पेन थांबलं. ऑफिसात मी अबोल, बहिणीसमोर मात्र तोंड मिटत नाही! काही आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरायला दिलात, तर कितीतरी उत्तरं फिरलेली.

मग तुम्ही मानसशास्त्रज्ञ जेनिफर कॅम्पबेल यांच्या कामाबद्दल सांगितलंत. माणसाची स्वतःबद्दलची समज किती स्पष्ट आणि स्थिर आहे हे मोजणारी १२ विधानांची प्रश्नावली त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९९६ मध्ये मांडली. मी आत्मविश्वास वाढवायच्या मागे लागले होते; पण वाढवायचा तो नेमका कोणाचा, हेच धड माहीत नव्हतं. पर्याय तोलायला स्वतःचं मापच नसल्यामुळे, ज्यात कुणी नाराज होणार नाही तेच मी निवडायचे. वरिष्ठांनी अहवालातला एक परिच्छेद बदलायला सांगितला की मी अख्खीच नापास. अशाने शिकणार काय, कप्पाळ?

माणसाची स्वतःची ओळख कितपत ठरली आहे हे सांगणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांच्या १९६६ मधल्या चार अवस्था मला जरा चौकटीतल्या वाटल्या. माणूस असा एका खणात बसतो थोडाच? पण त्यातला एक फरक कामी आला. 'ठरलेलं नाही, पण शोध चालू आहे' आणि 'ठरलेलं नाही, शोधायचंही सोडून दिलंय', ही दोन्ही माणसं बाहेरून सारखीच गोंधळलेली दिसतात. माझा शोध चालू आहे, हे तुम्ही ओळखलंत आणि घाई केली नाहीत.

नोकरी सोडली नाही, विभाग बदलून मागितला. घरी सगळ्यांना पटलेलं नाही, पण या वेळी मी पुन्हा विचारत फिरले नाही.

'तुम्ही माझ्या जागी असता तर?' हे मी दर भेटीत विचारायचे आणि तुम्ही दर वेळी प्रश्न माझ्याकडेच परत पाठवायचात. तेव्हा भयंकर राग यायचा. विशेष आभार त्याचेच.

आपली,
एक माजी अशील