खुनी कोण ते तुम्हीच सांगून टाकलंत की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रिटायर्ड ग्रंथपालबाई खुनाचा छडा लावतात त्या मर्डर मिस्ट्रीचं परीक्षण आलंय ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आधी छोटी तक्रार उरकून घेते. तिसऱ्याच परिच्छेदात तुमच्या परीक्षकांनी लिहिलंय की "सगळ्यांच्या मदतीला धावणाऱ्याकडेच शेवटी संशयाची सुई वळते". अहो, अख्ख्या कादंबरीत मदतीला धावणारं माणूसच एक आहे! मग राहिलं काय? माझं वाचून झालं होतं म्हणून वाचले, पण ज्यांनी रविवारी परीक्षण वाचून सोमवारी पुस्तक मागवलं असेल त्यांचे पैसे कोण देणार.

आता मुख्य मुद्दा. परीक्षक म्हणतात, खून आहे पण रक्त नाही, पोलीस आहेत पण दरारा नाही, सगळं गावात गप्पा मारत चाललंय, म्हणजे हा कोझी का काय तो प्रकार दुपारी लोळत वाचायचा टाइमपास. लोळत वाचा हो, त्याला कुणाची ना नाही, पण लिहायला सोपा आहे असं जे सुचवलंय ना ते साफ चूक आहे. आपल्याकडे रहस्यकथा म्हटलं की झुंजार नाहीतर काळापहाड आठवतो, वेषांतर, पाठलाग, पिस्तूल, आणि मलाही ते सगळं आवडतं, पण तिथे कथा अडली की लेखक नायकाला खिडकीतून उडी मारायला लावू शकतो. ग्रंथपालबाई कुठून उडी मारणार? त्यांना कुणाच्या घराची झडती घेता येत नाही, कॉल रेकॉर्ड मागवता येत नाही, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट कुणी दाखवत नाही, इतकंच काय, समोरच्याने "तुम्हाला काय करायचंय" म्हटलं की विषय संपला. हातात एकच गोष्ट, लोक त्यांच्याशी बोलतात आणि बोलताना सावध नसतात. म्हणजे लेखिकेला प्रत्येक धागा साध्या बोलण्यातच लपवावा लागतो, आणि तोही असा की आपण तो वाचतो आणि पुढे जातो.

इंग्रजी रहस्यकथांमधली खून उकलणारी म्हातारी मिस मार्पल याच जातीची. 1927 मध्ये एका कथेत ती पहिल्यांदा आली, 1930 मध्ये पहिली कादंबरी, आणि राहते कुठे तर सेंट मेरी मीड नावाच्या इवल्याशा खेड्यात. तिची पद्धत काय, तर समोरचा संशयित बघून तिला गावातलाच कुणीतरी आठवतो, अमक्याचा नोकर असाच वागला होता, तमकीने असंच खोटं सांगितलं होतं, आणि त्यावरून ती माणूस ओळखते. याला तुमचे परीक्षक "बायकी अंतर्ज्ञान" म्हणून मोकळे होतात! गंमत म्हणजे 1930 मध्येच लंडनला रहस्यकथा लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला, त्यात मार्पलची जन्मदात्री अगाथा ख्रिस्तीही होती, आणि सभासद होताना जी शपथ घ्यायची तिच्यात आमचे डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, बायकांचं अंतर्ज्ञान, योगायोग असल्यावर विसंबणार नाहीत असं स्पष्ट वदवून घ्यायचे. म्हणजे हा आरोप होणार हे त्या लोकांना तेव्हाच माहीत होतं म्हणायचं.

त्याच्या आदल्या वर्षी, 1929 मध्ये, रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच दिसला पाहिजे, एकापेक्षा जास्त गुप्त खोली नको, कुणी न ऐकलेलं विष नको, डिटेक्टिव्हला जो पुरावा सापडला तो वाचकालाही लगेच दाखवायचा. हा पुरावा दाखवायचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वाचकाशी जो सौदा असतो तो हाच. परीक्षणात बघायला हवं ते हे. या कादंबरीत बघा, चौथ्या प्रकरणात एकजण खून झालेल्या बाईंच्या नव्या चष्म्याचं कौतुक करतो, आणि दुसऱ्या प्रकरणात येऊन गेलंय की चष्मा खुनाच्या दिवशी सकाळीच दुकानातून आणला, आणि हाच माणूस आधी सांगून बसलाय की महिनाभर भेट नाही. कोण ते मी सांगत नाही, ते काम आधीच झालंय! पण चष्मा उघड्यावर होता, मीही त्याच्यावरून सरळ पुढे गेले होते, आणि शेवट वाचल्यावर मागे जाऊन बघितलं तर दोन्ही वाक्यं जिथल्या तिथे. परीक्षणात या चष्म्याबद्दल एक अक्षर नाही.

"रक्त टाळायला सोयीचं म्हणून विष" असाही एक टोमणा आहे. सोयीचं कुठलं, विषात तर चूक लगेच पकडली जाते. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम केलं होतं, 1920 च्या तिच्या पहिल्याच कादंबरीत स्ट्रिक्नीन नावाचं विष आहे, आणि ते इतकं बिनचूक की औषधशास्त्राच्या जर्नलमध्ये त्याची तारीफ छापून आली. आर्सेनिकचंही तसंच, लक्षणं पोट बिघडल्यासारखी म्हणून फार वर्षं असले खून पचून जायचे, 1836 मध्ये मार्श टेस्ट आली तेव्हा कुठे नीट पकडायला लागले. डोस किती, चव लपते का, किती वेळाने त्रास सुरू होतो, हे सगळं जुळवायचं आणि वर अॅलिबायशी, म्हणजे खुनाच्या वेळी मी दुसरीकडे होतो या दाव्याशी, पण जुळवायचं.

आता पुस्तकात खोट नाही असं नाही. इन्स्पेक्टर नको इतका बावळट केलाय, बाई हुशार दिसाव्यात म्हणून पोलिसाला साधी तारीखसुद्धा लक्षात राहत नाही हे मला पटलं नाही. आणि शेवटी बाई एकट्याच, रात्री, फोन घरी विसरून खुन्याला भेटायला जातात! हे आता बास करा, या प्रकारातल्या निम्म्या कादंबऱ्यांत हेच चालतं. शिवाय पुढचा भाग येतोय म्हणे, म्हणजे त्याच एवढ्याशा गावात आणखी खून. टीव्हीवरच्या 'मर्डर, शी रोट' मालिकेतल्या जेसिका फ्लेचरबाईंच्या कॅबट कोव्ह गावात 1984 ते 1996 इतके मुडदे पडले की छोट्या गावात खुनांची रांग लागली की त्याला कॅबट कोव्ह सिंड्रोमच म्हणायला लागले, तर लेखिकेने बाईंना जरा प्रवासाला धाडलं तर बरं. यावर टीका झाली असती तर मी पत्रच लिहिलं नसतं.

तर विनंती एवढीच, पुढचा भाग येईल तेव्हा परीक्षण रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाकडे द्या, आणि छापण्याआधी पुस्तक न वाचलेल्या कुणालातरी ते वाचायला देऊन विचारा, खुनी कळला का. कळला तर तेवढी ओळ काढा.

आपली,
एक नियमित वाचक
(कृपया नाव छापू नये)