प्रभागनिहाय शीतखोल्या हव्यात

महोदय,
शहराचा भाजीपाला एकाच घाऊक बाजारावर अवलंबून असणे धोक्याचे आहे. पूर आला, एखादा पूल बंद झाला, की सगळ्या वस्त्यांचा माल एकदम अडतो. पहिली झळ रोजच्या कमाईवर रोज खरेदी करणाऱ्यांना बसते, कारण त्यांच्या घरी साठा नसतो. म्हणून प्रत्येक प्रभागात मंडईला लागूनच लहान शीतखोल्या हव्यात आणि हातगाडीवाल्यांनाही तिथे क्रेटच्या हिशेबाने भाड्याने जागा मिळायला हवी.

मात्र एकाच तापमानाची खोली बांधून भागत नाही. बहुतेक पालेभाज्यांना ० ते २ अंश सेल्सियस तापमान आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. टोमॅटो, वांगी, काकडी त्याच थंडीत काही दिवस राहिली तर डागाळतात आणि बाहेर काढल्यावर झपाट्याने सडतात. त्यांना १० ते १३ अंश पुरेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते. तेव्हा किमान दोन कप्पे आणि फळांची खोली पूर्ण वेगळी, हे आराखड्यातच ठरलेले असावे. शेतातून आलेल्या मालाची उष्णता आधी काढली नाही आणि क्रेट भिंतीला चिकटवून रचले, तर हवा खेळत नाही. थंडीचा आकडा बरोबर दिसतो आणि मधला माल गरमच राहतो. ही चूक मोठे नुकसान करते.

ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते शहराने १९९३ मध्ये अन्नपुरवठ्यासाठी महापालिकेचे स्वतंत्र खाते उभारले. असे खाते असले की शीतखोलीचे वीजबिल आणि दुरुस्ती कोणाची, हा प्रश्न टोलवला जात नाही.

– एक वाचक