माझी मुलगी परीक्षेला हजर होती, साहेब

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी अंगणवाडी सेविका आहे. माझी मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसली. निकाल लागला तेव्हा रसायनशास्त्राच्या एका पेपरला गुणांच्या जागी ‘गैरहजर’ आलं. तो पेपर तिने शेवटची घंटा होईपर्यंत लिहिला. हॉलतिकिटावर त्या तारखेसमोर पर्यवेक्षकांची हिरव्या शाईतली सही आहे.

‘आठ दिवसांत दुरुस्त होईल,’ असं विद्यापीठाच्या खिडकीवर सांगितलं. आज ४१ दिवस झाले. चार खेपा झाल्या. पहाटे साडेपाचची एसटी, दर खेपेला माझी एक रजा. परवा कारकुनाने स्क्रीनच आमच्याकडे फिरवला, ‘बघा ना, सिस्टीममध्ये गैरहजर दाखवतंय. मी काय करू?’ उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायला पोर्टल उघडलं, तर उमेदवार गैरहजर असल्याने अर्ज घेता येत नाही म्हणे! ती हजर होती हे दाखवायला उत्तरपत्रिका हवी, आणि उत्तरपत्रिका मागायला पोर्टलवर ती आधी हजर हवी. पोरगी दोन दिवस जेवली नाही. शेजारणी विचारतात, ‘राहिली का गं एका विषयात?’ काय सांगू त्यांना?

कॉम्प्युटर नको, असं माझं म्हणणं नाही. प्रवेशाचा अर्ज, फी, हॉलतिकीट, सगळं तिने घरी बसून केलं. माझ्या वेळी एका दाखल्यासाठी वडिलांचे दोन दिवस जायचे. मीही पोषण ट्रॅकर ॲपवर पोरांची वजनं-उंची भरते. माझी एक नोंद चुकली, तर संध्याकाळच्या आत पर्यवेक्षिकाबाईंचा फोन येतो आणि मला उत्तर द्यावं लागतं. विद्यापीठात उत्तर कोण देतं? खिडकीवरचा माणूस सिस्टीमकडे बोट दाखवतो, सिस्टीमवाले कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार आम्हाला कुठे भेटणार?

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम स्क्रीनवर तपासायला घेतल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, शेवटी कुलगुरूंना पदावरून काढलं. पण ज्या पोरांचे पुढचे प्रवेश हुकले, त्यांच्या पदरात काय पडलं? कायद्याने निकाल ४५ दिवसांत लागायला हवा. चुकलेला निकाल किती दिवसांत दुरुस्त व्हावा, हे मला चार खेपांत कुणी सांगितलं नाही. रेशनच्या यंत्रावर सासूबाईंचा अंगठा उमटत नाही, शिष्यवृत्तीत नावातली एक वेलांटी आडवी येते. दर वेळी खरं माणूस समोर उभं असतं आणि खोटं तेच ठरतं.

प्रत्येक विद्यापीठात निकालाची नोंद हाताने दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी नेमा. त्याचं नाव आणि फोन नंबर खिडकीवर लावा. मागणी एवढीच आहे.

एम.एस्सी. प्रवेशाची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे. हॉलतिकीट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. सांगाल तिथे घेऊन येते.

आपली,
एक आई