मुंबई सिटीला आशियात खेळायचे तर मुंबईत मैदान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबविषयी मराठी वृत्तपत्रांत लिहिले जाते तेव्हा २०२४च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) चषकाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात येतो. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, आधी एक गोल खाऊन, पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब व्होयतुश यांच्या गोलांनी मोहन बागानला ३-१ असे हरवले. तो आनंद मोठाच होता. पण ‘विजेता संघ पुढच्या वर्षी आशियाई क्लब स्पर्धेत का दिसला नाही?’ हा प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारला, आणि त्याचे उत्तर क्रीडा पानांवर नीट आलेच नाही.

उत्तर सोपे आहे. तेव्हा आयएसएलमध्ये दोन बक्षिसे असत. साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला शिल्ड आणि नंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याला चषक. आशियाई स्पर्धेची जागा शिल्डबरोबर जात असे, चषकाबरोबर नाही. २०२४ची शिल्ड १५ एप्रिललाच, त्याच सॉल्ट लेकवर हातातून गेली होती. त्या दिवशी मुंबईचे ४७ गुण होते, मोहन बागानचे ४५. बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानच्या लिस्टन कोलासोने पूर्वार्धात आणि जेसन कमिंग्जने ८०व्या मिनिटाला गोल केला, मुंबईच्या छांगटेचा गोल फार उशिरा आला आणि सामना १-२ असा गेला. मोहन बागान ४८, मुंबई ४७. एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीग टू, म्हणजे आशियाई क्लबांच्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेची जागा कोलकात्याला गेली. दुसरी आशियाई जागा सुपर कप विजेत्याची, ती ईस्ट बंगालला मिळाली. म्हणजे तीन आठवड्यांनी चषक उंचावणाऱ्या संघासाठी आशियाचे दार आधीच बंद झाले होते. हे एकदा स्पष्ट झाले की साखळीतला फेब्रुवारीतला एखादा बरोबरीचा सामनाही वाचक वेगळ्या नजरेने वाचेल.

आता ज्या हंगामात आशियात जाता आले त्याबद्दल. २०२२-२३मध्ये मुंबईने २० सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल अशी शिल्ड जिंकली, ४ एप्रिल २०२३ रोजी केरळमधल्या मंजेरीत पात्रता सामन्यात जमशेदपूरला ३-१ हरवले आणि २०२३-२४च्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट जागा मिळवली. गटात सौदीचा अल हिलाल, इराणचा नस्साजी माझंदरान आणि उझबेकिस्तानचा नवबहोर नमनगान. सहा सामने, सहा पराभव, एक गोल केला, सतरा खाल्ले. ‘आपली लायकीच तेवढी’ असे म्हणून हा विषय तेव्हा मिटवला गेला. ते आम्हाला मान्य नाही, कारण याच क्लबने दीड वर्ष आधी काय केले ते नोंदलेले आहे.

एप्रिल २०२२मध्ये रियाधला चॅम्पियन्स लीगच्या गटातले सहाही सामने एकाच शहरात होते, ८ ते २६ एप्रिल. इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध ११ एप्रिलला एक गोल मागे पडल्यावर दिएगो मॉरिसिओची पेनल्टी आणि पाच मिनिटांनी मुंबईकर राहुल भेकेचे हेडर, २-१. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. पुढे यूएईच्या अल जझिरा क्लबशी ०-०, एअर फोर्सवर पुन्हा १-०. सात गुण आणि गटात दुसरे स्थान. सौदीच्या अल शबाब क्लबकडून ०-३ आणि ०-६ असा मारही खाल्ला, तो लपवायचे कारण नाही. पण साखळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपली होती, अबू धाबीत सराव शिबिर झाले होते, सामन्यांच्या मध्ये विमानप्रवास नव्हता आणि डोक्यावर आयएसएलचा सामना नव्हता.

२०२३मध्ये यातले काहीच नव्हते. ड्युरँड कपमधला पराभव २७ ऑगस्टचा. त्यानंतर तीन आठवडे एकही स्पर्धात्मक सामना नाही आणि थेट १८ सप्टेंबरला नस्साजी. आयएसएलमधला मुंबईचा पहिला सामना त्यानंतर, २४ सप्टेंबरला गुवाहाटीत. इराणची लीग ऑगस्टमध्येच सुरू झालेली, आणि उझबेक हंगाम तर मार्च ते डिसेंबर चालतो, म्हणजे नवबहोर ऐन भरात होता. सरावाचे सामने कितीही खेळा, साठाव्या मिनिटानंतर पाय किती चालतात हे खऱ्या सामन्यांनीच ठरते. आपला हंगाम जेव्हा डोळे चोळत उठतो तेव्हा समोरचा नाश्ता करून कामाला लागलेला असतो.

मग गाडी उलटी धावली, सामन्यांवर सामने आले. ३ ऑक्टोबरला नमनगान, जिथे मुंबईहून थेट विमान नाही, आणि ८ ऑक्टोबरला अंधेरीत केरळ ब्लास्टर्स. २३ ऑक्टोबरला रियाधमध्ये अल हिलालकडून ०-६ (त्यातले तीन एकट्या मित्रोविचचे), ६ नोव्हेंबरला नेरूळला पुन्हा अल हिलाल, मध्ये दोन साखळी सामने. नोव्हेंबरच्या मध्यात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेले आणि शेवटचे दोन आशियाई सामने सहायकांच्या हाताखाली झाले. २८ नोव्हेंबरला तेहरानमध्ये नस्साजी, ४ डिसेंबरला पुण्यात नवबहोर, ८ डिसेंबरला बंगळुरूत साखळी सामना. या तिसऱ्या सामन्यात तोच थकलेला संघ बंगळुरूला ४-० हरवतो. चार दिवसांपूर्वी नवबहोरकडून १-२ हरलेला संघ! देशातली साखळी आणि आशियाई स्पर्धा यांच्यातले अंतर यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

एका नियमाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात. २०२२मध्ये एएफसीचा नियम तीन अधिक एक आशियाई असा होता, म्हणजे तेही चारच. २०२३-२४मध्ये तो पाच अधिक एक झाला, म्हणजे सहा. प्रशिक्षकापुढे मग दोन वाटा उरल्या. आठवडाभर चार परदेशी घेऊन बसवलेली जुळणी आशियात मोडायची आणि दोन भारतीयांना बसवून कधी एकत्र न खेळलेले सहा उतरवायचे, किंवा चारांवरच खेळायचे. सौदी लीगमध्ये तेव्हा आठ परदेशी चालत. कुलिबाली, रुबेन नेवेस, मिलिन्कोविच-साविच, मित्रोविच, माल्कम असा संच असलेल्या अल हिलालला आशियासाठी दोन कमी करायचे होते, आपल्याला दोन वाढवायचे होते. कमी करणे नेहमीच सोपे.

आणि खेळाची सवय. आयएसएलमध्ये बहुतेक संघ मुंबईसमोर मागे सरकून बसतात. त्यामुळे गोलरक्षकापासून आखूड पास देत वर येणे निवांत जमते. आशियात पहिल्या पासलाच दोघे अंगावर येतात. मध्यरक्षकाला पाठ वळवायला जागा राहत नाही, चेंडू आपल्याच अठरा यार्डांच्या चौकटीजवळ सुटतो आणि तिथून गोल होतो. हे सरावात शिकवता येते, पण त्यासाठी दोन सामन्यांमध्ये सरावाचे दिवस लागतात. विमानतळावर गेलेला दिवस सरावाचा नसतो.

आता आमचा मुख्य मुद्दा, मैदान. अंधेरीचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल हे मुंबई सिटीचे घर, पण या स्पर्धेच्या निकषांत ते बसले नाही. नस्साजी आणि नवबहोरविरुद्धचे ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला झाले, अल हिलालविरुद्धचा नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर. तिन्ही वार सोमवार. पहिला तर हरतालिकेच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. अंधेरीहून बालेवाडी सुमारे दीडशे किलोमीटर. नोकरदार माणूस त्या संध्याकाळी द्रुतगती मार्गावर जाईल की मखर सजवेल? नेरूळच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी वानखेडेवर मॅक्सवेलने नाबाद २०१ धावा केल्या आणि फुटबॉल पानाच्या तळाशी गेला, तेही समजण्यासारखे आहे.

नस्साजी हा इराणमधल्या कायमशहर या गावचा क्लब, तरी तोही मुंबईशी घरापासून दूर तेहरानमध्ये खेळला आणि जिंकला. त्यामुळे एकट्या मैदानावर सगळे खापर फोडता येणार नाही. पण अंधेरीतली अडचण सुटण्याजोगी आहे. २०२२च्या महिला आशिया चषकाचे सामने एएफसीने याच अंधेरीत घेतले होते. क्लब स्पर्धेसाठी तपासणी करणारे काय पाहतात? पाठ असलेल्या, क्रमांकाच्या स्वतंत्र खुर्च्या, मैदानभर सारखा पडणारा प्रकाशझोत, वीज गेली तर जनरेटर, दोन संघ आणि पंच यांच्या वेगळ्या खोल्या, उत्तेजक चाचणीची खोली, वैद्यकीय कक्ष, वार्ताहरांची बैठक, प्रक्षेपणाच्या गाड्यांना जागा, गर्दी बाहेर काढण्याचे मार्ग. यात नवीन स्टेडियम बांधण्यासारखे काही नाही. संकुल महापालिकेचे आहे. कोणत्या बाबी कमी पडल्या त्यांची यादी महापालिका आणि क्लब यांनी जाहीर करावी आणि प्रत्येक बाबीपुढे खर्च व मुदत लिहावी.

हिरवळीचे काम वेगळे आणि अधिक चिवट. आशियाई गट सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो, म्हणजे मुंबईत पावसाळा संपायच्या आधी. तीन महिने ऊन कमी, त्यामुळे गवताची मुळे उथळ राहतात. वाळूच्या थराखालच्या निचऱ्याच्या नळ्यांत गाळ बसतो, पाणी वर साचते आणि बुटाच्या स्टडबरोबर गवताचा तुकडाच उपटून येतो. मे महिन्यात नळ्या साफ करणे, माती भोके पाडून मोकळी करणे, वर बारीक वाळू पसरणे आणि पावसाळाभर मैदानावर खेळाडूंखेरीज कोणाला न सोडणे, एवढे पाळले तर सप्टेंबरचा सामना होऊ शकतो. कार्यक्रमाचा मंच आणि सामानाचे ट्रक एकदा हिरवळीवर आले की माती दबते आणि त्या हंगामापुरते ते मैदान गेले. भाडेकरारात ही अट स्पष्ट शब्दांत असायला हवी.

या शहराला आशिया नवा नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकून पुढे २००७च्या एएफसी कपमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. तो संघ आज नाही. २०२४-२५पासून एएफसीने स्पर्धांच्या तीन पायऱ्या केल्या आणि सर्वांत वरच्या पायरीवर भारताला थेट जागा उरली नाही. क्लबांच्या निकालांवर देशाचे गुण ठरतात, त्या गुणांवर पुढच्या जागा. म्हणून सहा पराभवांची किंमत सगळ्याच भारतीय क्लबांना मोजावी लागते.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. साखळीचा गुणतक्ता छापताना पहिल्या क्रमांकासमोर ‘आशियाई जागा’ असे दोन शब्द छापावेत, आणि आशियाई सामना असेल त्या आठवड्यात मैदान कुठले, ते का निवडले आणि आधीचा सामना किती दिवसांपूर्वी झाला, हे बातमीत यावे.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
अंधेरी (पश्चिम), मुंबई